शिंगरू स्वारीला कधी तयार होतं: आमच्या किनाऱ्यावरचा हिशेब

दरवर्षी दत्तजयंती झाली की आमच्या अलिबाग पट्ट्यात कुणी ना कुणी सारंगखेड्याच्या बाजारातून नवीन शिंगरू घेऊन येतंच. टेम्पोतून उतरवतात, हळदकुंकू लावतात, शेजारची पोरं फोटो काढतात, आणि नाताळ तोंडावर असतो त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत तेच शिंगरू वाळूत ऐंशी किलोच्या पाव्हण्याला घेऊन फेऱ्या मारताना दिसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तीन वर्षाचा आहे ओ, चांगला भरलाय, सीझनमध्ये उभा ठेवून कसं चालेल?"

मी पण हेच केलंय म्हणून बोलतोय. माझा पहिला घोडा कुमैत रंगाचा, विकणाऱ्याने तीन वर्षांचा म्हणून दिला, मी दात उघडून बघितले पण बघून मला काय कळणार होतं कपाळ, मान डोलावली आणि पैसे मोजले. पंचवीस डिसेंबरपासून कामाला लावला. शिमग्यापर्यंत पुढचा एक गुडघा सुजला, पाठीवर हात ठेवला तरी अंग चोरायला लागला, आणि डॉक्टर आले त्यांनी दात बघून सांगितलं की अहो हा जेमतेम सव्वादोन वर्षांचा आहे. वर्षभर बसवून खायला घातला, बरा झाला पण उजव्या अंगाला दुडकी कधी सरळ पडली नाही त्याची. घाई माझीच होती. दुसऱ्या घोड्याला मी सव्वादोन वर्षं थांबलो, त्या थांबण्यात काय काय केलं ते सगळं इथे लिहितोय.

मुद्दा एवढाच की सीझन कधी आहे यावर शिंगराची तयारी ठरत नाही. बीचचं कॅलेंडर वेगळं, हाडांचं कॅलेंडर वेगळं, आणि दोन्ही जुळवायची असतील तर थांबायचं आपण.

आधी वय, आणि वय म्हणजे दात

तोंडी वयावर अजिबात जाऊ नका. पुढचे खालचे सहा दात बघायचे. दुधाचे दात बारीक, पांढरेशुभ्र आणि हिरडीजवळ मान आवळल्यासारखे असतात, कायमचे दात रुंद, जरा पिवळट आणि लांबट. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. म्हणजे दोन दाती म्हणजे अडीच-तीन, चार दाती म्हणजे साडेतीन-चार, आणि पाचाला तोंड पूर्ण जुळतं. नराला चार-पाच वर्षांच्या दरम्यान सुळे पण येतात, घोडीला बहुतेक नसतात.

फसगत कुठे होते सांगतो. दीड-दोन वर्षांच्या शिंगराचे सगळे सहा दुधाचे दात रांगेत छान बसलेले असतात, नवख्या माणसाला वाटतं तोंड जुळलंय, पाच वर्षांचा आहे. माझं असंच झालं थोडंफार. आणि दुधाचा दात आधीच उपटून घोडा मोठा दाखवायची युक्ती पण जुनीच आहे, हिरडी सुजलेली किंवा नुसता खड्डा दिसला तर जरा थांबून विचार करा.

दातांचा अजून एक भाग आहे तो लगामाशी संबंधित. अडीच ते साडेचार या काळात तोंडात सतत काहीतरी पडत आणि उगवत असतं, हिरड्या दुखऱ्या असतात. शिवाय काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक बारकासा फालतू दात असतो, लगामाची कडी नेमकी त्यावर आपटते आणि घोडा डोकं झटकायला लागतो, मग आपण म्हणतो खोडकर आहे. लगाम चढवायच्या आधी एकदा डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या, दाढांच्या टोकदार कडा घासून घ्या, दोन महिन्यांची डोकेदुखी वाचते.

हाडं खालून वर पिकतात

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चेची पट्टी असते, ती जोपर्यंत पक्की होत नाही तोपर्यंत हाड तिथे कच्चं. आणि या पट्ट्या एकदम बंद होत नाहीत, खुराकडून सुरू होऊन वर वर जातात. खुराच्या वरची छोटी हाडं वर्षाच्या आतबाहेर पक्की होतात, नळी म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड साधारण दीड वर्षापर्यंत, पुढच्या गुडघ्याच्या वरची पट्टी अडीच-तीन वर्षांपर्यंत, मांडीची आणि मागच्या वरच्या सांध्यांची तीन-साडेतीनपर्यंत, आणि सगळ्यात शेवटी पाठीचा कणा, तो पाच-साडेपाच, मोठ्या अंगाच्या घोड्यात सहासुद्धा. म्हणजे आपण जिथे बसतो तीच जागा सगळ्यात उशिरा तयार होते! मारवाडी असो, काठेवाडी असो नाहीतर आपल्या भीमेकाठचा भीमथडी, क्रम हाच. जो जास्त भरलेला दिसतो त्याचं मांस भरलेलं असतं, हाड वयानेच पिकतं.

मग लोक रेसच्या घोड्यांचं उदाहरण देतात, महालक्ष्मीला दोन वर्षांचे घोडे पळतात की. पळतात, पण त्यांच्यावर बसणारा जॉकी पन्नास-पंचावन्न किलोचा, काम दिवसाला थोडाच वेळ, खाणं मोजून, डॉक्टर दारात, आणि एवढं करूनही जायबंदी होणारे कमी नसतात. आपल्याकडे दहा तास वाळू आणि दर फेरीला वेगळा माणूस, तुलना कुठे करायची.

आता याचा उलटा अर्थ काढून शिंगरू तीन वर्षं दावणीला बांधून ठेवू नका, ती चूक पण तेवढीच मोठी. हाडावर जसा ताण येतो तसं ते घट्ट होतं, लहानपणी मोकळं पळणारं, उड्या मारणारं शिंगरू पुढे जास्त मजबूत निघतं. म्हणून पळू दे, खेळू दे, आईबरोबर नाहीतर दुसऱ्या घोड्याबरोबर डोंगरउतारावर चढू-उतरू दे, फक्त पाठीवर वजन नको आणि दोरीवर गोल गोल तासभर पळवणं नको.

शंका असेल तर पुढच्या गुडघ्याचा एक्सरे काढून घेता येतो, पट्टी बंद झाली की नाही ते डॉक्टरांना त्यात दिसतं. मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजपर्यंत घोडा नेणं सगळ्यांना जमत नाही, पण पोर्टेबल मशीन घेऊन येणारे घोड्यांचे डॉक्टर असतात, दोन-तीन जणांनी मिळून बोलावलं तर परवडतं. गुडघा बंद म्हणजे सगळा घोडा तयार असं मात्र नाही हां, गुडघ्याने फक्त पहिला दरवाजा उघडला.

डोळ्याने बघायच्या गोष्टी पण आहेत. बाजूने उभं राहून बघा, पुठ्ठा म्हणजे ढुंगणाचा वरचा भाग खांद्यावरच्या उंचवट्यापेक्षा उंच दिसत असेल तर अजून वाढतोय, थांबा. पुढून बघितल्यावर छाती अरुंद आणि दोन्ही पाय एकाच भोकातून निघाल्यासारखे वाटत असतील तरी थांबा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबत मागे न्या, मांस भरलेलं लागायला हवं, हाड टोचायला नको.

वजनाचा हिशेब मोबाईलवर दोन मिनिटांचा

उंची बाजारात इंचात सांगतात, पण उंचीवरून वजन कळत नाही. शिंप्याचा टेप घ्या. कोपराच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७, आलं वजन किलोमध्ये. माझ्या दुसऱ्या घोड्याचा चार वर्षांचा असताना घेर १६५, लांबी १५०, म्हणजे ३४४ किलोच्या आसपास. (हे सूत्र मोठ्या घोड्याचं आहे, वर्षाच्या शिंगराला लावू नका.)

आता पक्क्या घोड्याने स्वार आणि खोगीर मिळून आपल्या वजनाच्या १५ ते २० टक्के घ्यावं असं धरतात. नवीन घोड्याला मी १५ च्या वर जात नाही. ३४४ चे १५ टक्के म्हणजे ५१ किलो, खोगीर सहा किलो गेलं की स्वार ४५ चा. मी ७८ चा आहे त्यामुळे माझा प्रश्नच मिटला, मी त्याच्यावर पहिल्यांदा बसलो तो साडेपाच वर्षांचा झाल्यावर आणि ते पण पाच-दहा मिनिटंच. पहिली स्वारी माझ्या पुतण्याने केली, तो ४४ किलोचा आणि हाताने हलका. आणि आपल्या बीचवरची जी छोटी घोडी असतात, घेर १५० लांबी १४०, ती भरतात २६५ किलो. तिच्यावर ८० किलोचा पाव्हणा आणि सात किलोचं खोगीर टाका, झालं की वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं ओझं, तेही उसळणारं कारण पाव्हण्याला बसता येत नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत त्यात पोनीच्या पाठीवर ७० किलोच्या वर सामान टाकायला मनाई आहे, आणि सामान निदान उसळत तरी नाही.

खाणं: भाताचा पेंढा आणि कोंडा, इथे कोकणात घोडं अडतं

हा भाग मी मुद्दाम लांब लिहितोय कारण यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडे स्वस्त काय मिळतं, भाताचा पेंढा आणि कोंडा. पोट भरतं, शिंगरू गोल दिसतं, आणि आतून हाडं पोकळ होतात. पेंढ्यात ऑक्झलेट असतं ते कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम नावालाच. घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, साधारण दीडपट ते दुप्पट, वाढत्या शिंगराला तर नक्कीच. ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडातून काढून घेतं. पुढे जबड्याची आणि तोंडाची हाडं सुजल्यासारखी फुगतात, पाय बदलत लंगडतो, आणि आपण नालबंदाला शिव्या घालत बसतो. नुसत्या नेपियरवर म्हणजे हत्ती गवतावर ठेवलेल्या घोड्यांना पण हाच त्रास होतो कारण त्यातही ऑक्झलेट आहे, गाईम्हशींना ते पचतं, घोड्याला नाही.

करायचं काय, तर पेंढा हा चघळायला ठेवा, मुख्य चारा डोंगरचं वाळलेलं गवत, आणि रोज थोडा लसूणघास, देशावरून वाळवलेला येतो तो मागवला तरी चालतो, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. कोंडा बंद नाहीतर मूठभर. हरभरे भिजवून द्या पण हरभऱ्यांनी हाड पक्कं होतं हा गैरसमज आहे, ताकद मिळते, कॅल्शियम नाही. चुन्याच्या दगडाची पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट चंदीत म्हणजे रोजच्या दाण्यात घालतात, किती ते डॉक्टरांना वजन सांगून विचारा, पान खायचा चुना घालू नका कुणी. मीठ मात्र रोज हवंच, आपल्या दमट हवेत घामातून फार जातं, तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला २५-३० ग्रॅम, काम वाढलं की जास्त.

आणि चारा वाळूत टाकायचा नाही. बीचजवळ बांधलेली घोडी वाळूतलं गवत वेचून खाते, वाळू आतड्यात साठते आणि मग पोटदुखी. तपासायला सोपं आहे, पाच-सहा लेंड्या पारदर्शक पिशवीत पाणी घालून कालवा, पिशवी टांगून ठेवा, अर्ध्या तासाने तळाला वाळू किती बसली ते बोटांना लागतं. गव्हाण सगळ्यात चांगली, ती नसेल तर जमिनीवर ताडपत्री नाहीतर तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची पिशवी.

दोन ते तीन वर्षं: पाठ रिकामी, डोकं भरायचं

शिंगराला मोरकी, म्हणजे लगामाशिवायचा तोंडावरचा दोर, घालून शांतपणे चालता यायला हवं, थांब म्हटलं की थांबायला, मागे म्हटलं की मागे सरकायला. चारही पाय उचलू द्यायला हवेत नाहीतर नालबंद येईल तेव्हा तमाशा. खरारा रोज करा, त्यातच कान, पोट, शेपटीखाली हात लावायची सवय होते आणि अंगावर कुठे गरम, कुठे सूज ते तुमच्या हाताला आधी कळतं. नर असेल आणि पुढे पोरांना बसवायचा विचार असेल तर खच्ची करायचं ते पण याच काळात, थंडीत, माश्या कमी असताना, धनुर्वाताची लस झालेली असताना. धनुर्वात घोड्याला फार पटकन धरतो, एक खिळा पुरतो, लस चुकवू नका.

आता आपल्या बीचवर शिंगराला काय काय दिसणार याची यादी डोक्यात करा: लाटा, पॅरासेलिंगचं फडफडणारं पॅराशूट, वाळूतल्या चार चाकी बाइक, बनाना राइडची किंचाळणारी मंडळी, फुगेवाला, छत्री, कुत्री, डीजे. हे सगळं एका दिवशी दाखवायचं नाही. मी लाटांपासून सुरुवात केली, म्हाताऱ्या घोडीला पुढे घातलं आणि तिच्या मागे हा, पहिल्या दिवशी पाण्यापासून वीस पावलांवर, आठवड्यात घोट्यापर्यंत. म्हातारी घोडी म्हणजे शाळामास्तर, तिच्याएवढं शिंगराला दुसरं कुणी शिकवत नाही. घाबरला तर ओढायचं नाही, आहे तिथे उभं राहू द्यायचं, डोकं खाली करून श्वास सोडला, ओठ चाटले की मग पुढे. एकदा ढोलताशाचा सराव चालला होता तिथून नेला, तर अर्धा तास लांब उभा राहून ऐकत राहिला आणि मग स्वतःच गवत खायला लागला, मी काही केलं नाही.

आमच्याकडे एक जुने टांगेवाले काका आहेत, ते म्हणतात, "बाला, घोरा डोल्यांनी बघ, घड्यालानी नको." त्यांचं बरोबर आहे, तरी मी घड्याळ ठेवतो, कारण शिंगराचं लक्ष वीस मिनिटांच्या वर टिकत नाही आणि माझा उत्साह दोन तास टिकतो.

तीनच्या पुढे: लांब दोऱ्या, रिकामं खोगीर

मोरकीला दोन लांब दोऱ्या बांधून मागून चालायचं, जसं टांग्याला हाकतात तसं पण टांगा नाही. डावीकडे, उजवीकडे, थांब, चल, हे सगळं पाठीवर कुणी नसताना शिकून होतं. महिनाभर गावच्या रस्त्याने, नारळी-पोफळीच्या वाडीतून, बाजारातून मागून चालत फिरवला की अर्धी स्वारी झाली समजा. गोलात पळवणं मी आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, मोठ्या गोलात, एवढंच ठेवतो, छोट्या गोलाने सांध्यावर तिरका ताण पडतो.

मग खोगीर. आधी नुसती गोधडी टाका, काढा, दुसऱ्या बाजूने टाका. मग खोगीर, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा अगदी सैल, दोन पावलं चालवा, एक भोक आवळा, परत चालवा. एकदम आवळलेला तंग शिंगरू जन्मभर लक्षात ठेवतं आणि मग खोगीर दिसलं की पोट फुगवतं नाहीतर चावतं. रिकिबी लोंबत्या ठेवून चालवा म्हणजे पोटाला काहीतरी लागतं याची सवय होते. खोगीर कण्यावर टेकता कामा नये, मधून आरपार उजेड दिसला पाहिजे. आणि वर्षभरात अंग बदलतं त्यामुळे डिसेंबरला बसलेलं खोगीर एप्रिलला बसेलच असं नाही, दर महिन्याला बघा.

लगाम साधा, गुळगुळीत कडीचा. काटेरी लगाम अजून बाजारात राजरोस विकतात, पण त्याच १९६५ च्या नियमांत काटे असलेल्या लगामाला बंदी आहे, आणि नियम नसता तरी चार वर्षांच्या पोराच्या हिरडीत काटे घालायचे? ज्याला काट्याशिवाय थांबवता येत नाही त्याचं जमिनीवरचं शिक्षण राहिलंय, परत मागच्या पायरीवर जा.

चारच्या आसपास: पहिल्यांदा बसणं, आणि तिथीचं गणित

माझी वेळ अशी, साडेतीन पूर्ण, गुडघा बंद, पुठ्ठा-खांदा बरोबरीला आलेला, दोऱ्यांवर शांत, तर चारच्या आसपास जानेवारीत सुरू. दोन माणसं हवीत, एक डोक्याशी. बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट. पहिले काही दिवस फक्त पोटावर आडवं लोंबकळायचं आणि उतरायचं, दोन्ही बाजूंनी. मग पाय टाकून बसायचं, घोडा उभा, मान खाजवायची, उतरायचं. मग डोक्याशी माणूस धरून दहा पावलं. पहिल्या पंधरा दिवसांत दहा मिनिटांच्या वर नाही, नंतर पंधरा-वीस, आठवड्यातून तीन किंवा चारच दिवस, आणि सगळं कदम चालीत, म्हणजे साध्या चालण्यात. दुडकी दोन महिन्यांनी, सरळ रेषेत, थोडी. भरधाव या वर्षी नाहीच.

जमीन कुठली हे फार महत्त्वाचं. वरची कोरडी भुसभुशीत वाळू शिराबंधांना मारते, खूर रुततो आणि मागची शीर ताणली जाते. ओहोटीला उघडी पडलेली ओली घट्ट वाळू चांगली. आणि आपल्याकडे काम पहाटेच करायला हवं, दमटपणामुळे नऊनंतर घोडा गळतो. म्हणून तिथीला पाऊण करायची, कोळीवाड्यात कुणालाही विचारा. तिथी गुणिले पाऊण, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब जातं, मैदानच्या मैदान मिळतं. त्या दोन-तीन दिवसांत बीचवर काम करायचं. अष्टमीला उलटं, सकाळी सहाला भरती, फक्त वरची मऊ वाळू शिल्लक, तेव्हा वाडीतल्या मातीच्या वाटेने चालवा किंवा सुट्टी द्या. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते त्यामुळे महिन्याचा सगळा प्लॅन पंचांगावर निघतो. किनाऱ्याला उतार असतो म्हणून जाताना एक बाजू तर येताना दुसरी, तेवढाच वेळ, नाहीतर एकाच अंगावर भार येतो. जांभ्याच्या कातळावर दुडकी नको, नाल असले तरी.

रोज बघायचं ते: काम सुरू करायच्या आधी चारही नळ्यांवर हात फिरवा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आहे का, नळीच्या आतल्या बाजूला नवी कडक गाठ आली का. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत साठच्या खाली यायला हवी, नाही आली तर आज जास्त झालं, उद्या सुट्टी. श्वास जोरात चाललाय पण अंग कोरडं, घामच नाही, असं झालं तर लगेच सावली, पाणी अंगावर ओतत राहायचं आणि डॉक्टर, कोकणातल्या दमट उन्हात काही घोड्यांचा घाम बंद पडतो. खोगीर बघून कान मागे, पाठ दाबल्यावर खाली वाकणं, शेपटी सतत झटकणं, कालपर्यंत शहाणा आणि आज अडून बसला, यातलं काहीही दिसलं तर आधी दुखणं शोधायचं, चाबूक नंतर, बहुतेक वेळा चाबकाची पाळी येतच नाही.

मग पावसाळा

मे संपला की खोगीर तेल लावून माळ्यावर. हे चार महिने मी शिंगराला पूर्ण सुट्टी देतो, आणि मला वाटतं आपल्या किनाऱ्याची ही एक गोष्ट देशावरल्यांपेक्षा बरी आहे की पाऊसच आपल्याला थांबवतो. पण सुट्टी म्हणजे चिखलात उभा ठेवणं नाही. तबेल्यात कोरडी जागा हवी, रोज खूर कोरून साफ करा, काळा वास मारणारा द्रव दिसला तर खूर सडायला लागलाय. पाठीवर पुंजके पुंजके केस निघून खपल्या धरल्या तर ते पावसाचं इन्फेक्शन, त्यावर खोगीर ठेवायचं नाही. मोठ्या चावऱ्या माश्यांनी सर्रा नावाचा रोग पसरतो, ताप येतो जातो, घोडा वाळत जातो, पोटाखाली सूज, असं दिसलं तर रक्त तपासा.

दसऱ्याला परत सुरू करताना मागच्या वर्षी जिथे सोडलं तिथून नाही, चार पायऱ्या मागून. आठवडाभर लांब दोऱ्या, मग रिकामं खोगीर, मग स्वार. बहुतेक वेळा घोडा आठ दिवसांत सगळं आठवून दाखवतो आणि अंगाने पण भरलेला असतो, तेव्हा कळतं की सुट्टीत तो वाढत होता.

गिऱ्हाईक कधी

माझ्याकडे पाच पूर्ण झाल्याशिवाय नाही. आणि पाचाला सुद्धा पहिला महिना फक्त पोरं, दोरी माझ्या हातात, कदम चाल, दिवसाला सात-आठ छोट्या फेऱ्या आणि त्या पण आठवड्याच्या मधल्या वारी, शनिवार-रविवारच्या गर्दीत नाही. त्या १९६५ च्या नियमानं दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि ३७ अंशांच्या वर पारा गेला की बारा ते तीन बंद, पण ते पक्क्या जनावराचं झालं, नव्याला मी त्याच्या निम्म्यावर पण आणत नाही. मोठी माणसं सहा वर्षांनंतर, वजन विचारून. पहिल्यांदा वजन विचारायला लाज वाटायची, लोक चिडतात, एक मॅडम तर म्हणाल्या घोडा आहे की लिफ्ट. आता मी टपरीशेजारी साधा वजनकाटा ठेवलाय, मुलं आधी त्यावरच उड्या मारतात, मग बापाला ओढून आणतात, आणि बाप आकडा बघून स्वतःच म्हणतो, राहू दे, पोरालाच बसवा.